खाज थांबवणारा माणूस

देवीदास आमच्या ओळीतला, माझ्यापासून तिसऱ्या घरात राहणारा. मी पोस्टात होतो, तो मेडिकलमध्ये. सकाळी साडेनऊला आम्ही दोघंही सायकली काढायचो आणि बाजाराच्या रस्त्यापर्यंत सोबत जायचो. मी रिटायर झालो, तो काउंटरमागे उभाच राहिला. चांदूर बाजारच्या त्या दुकानात त्यानं सव्वीस वर्षं काढली. दुकान सूर्यभानजींचं, लायसनही त्यांच्याच नावाचं, पण लोक विचारत यायचे ते देवीदासला. बारावी सायन्स झालेला, औषधांची इंग्रजी नावं न अडखळता वाचणारा आणि मुख्य म्हणजे समोरच्याचं ऐकून घेणारा माणूस होता तो.

एका दुखण्यासाठी तर त्याचं नाव आजूबाजूच्या खेड्यांपर्यंत गेलं होतं. अंगावर गोल चट्टे उठतात, कडा लाल, मधला भाग त्यामानानं साफ, आणि खाज अशी की माणसाला चारचौघांत बसवत नाही. त्याला कोणी गजकर्ण म्हणतं, कोणी दाद, कोणी नुसतं खाजेचं. ते उठतं त्या जागाही अडचणीच्या. जांघेत, कमरेला परकराच्या नाडीखाली, छातीच्या खाली. डॉक्टरसमोर कपडे सोडायला नको वाटतं. बायका दुकानासमोर येऊन बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला थांबायच्या. देवीदासला ते दुरूनच कळायचं. तो त्यांना काही विचारायचा नाही. मागच्या खणातून एक ट्यूब काढायचा, कागदात गुंडाळायचा आणि हळू आवाजात सांगायचा, सकाळ-संध्याकाळ लावा. तीन दिवसांत खाज थांबायची. आठवड्यात चट्टा फिका पडायचा. त्या बायका पुन्हा यायच्या तेव्हा घरच्या संत्र्यांची पिशवी काउंटरवर ठेवून जायच्या.

माझ्या घोट्यावर चट्टा उठला तेव्हा मीही तीच ट्यूब नेली होती. मला त्याच्याबद्दल काही बोलायचा अधिकार नाही, हे आधीच सांगतो.

त्या ट्यूबमध्ये चार औषधं एकत्र होती. एक बुरशी मारणारं, दोन जंतू मारणारी आणि चौथं स्टेरॉइड. ही चारही नावं देवीदासला पाठ होती. ती रोज कातडीवर चोळली तर महिन्या-दोन महिन्यांत काय होतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कोणाला विचारलं नव्हतं. कंपनीचा माणूस यायचा, खोके उतरवायचा, ही तर आपोआप खपते म्हणून हसायचा. स्टेरॉइडचं मलम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा नियम आला, तोही दुकानात सगळ्यांना ठाऊक होता. पण अमुक दुकानात चिठ्ठी मागतात असं झालं असतं तर लोक चार पावलं चालून समोरच्या दुकानात गेले असते.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात येत होती. आधी एका ट्यूबमध्ये माणूस बरा व्हायचा आणि मग वर्षभर दिसायचा नाही. आता तोच माणूस महिन्याभरात परत यायचा. आधी एकटा यायचा, आता बायको-लेकरांसाठीही न्यायचा. चट्टेही पूर्वीसारखे राहिले नव्हते. कुठे गोलात गोल, कुठे कडाच नाहीत, पाठभर पसरलेले. देवीदासनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. ऊन वाढलं, घाम वाढला, लोक अंगाला चिकटणारे कपडे घालायला लागले. यातलं काही खोटं नव्हतं, म्हणून तो तिथंच थांबला.

देवीदास आणि मैनाबाईला एकच मुलगी, प्रणाली. अंगानं उंच, पायानं हलकी. शाळेत असताना तालुक्याच्या स्पर्धेत ती पहिली यायची. बी.ए. झाल्यावर तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. देवीदासच्या घराण्यात सरकारी नोकरी एका चुलत्याला होती, तो शिक्षक होता. त्याच्यानंतर ही लागेल, असं देवीदास मला सायकल हातात धरून सांगायचा. ते सांगताना तो सायकलवर बसायचा नाही, चालत राहायचा.

प्रणाली अमरावतीला गेली. भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका वर्गात नाव घातलं आणि आणखी पाच मुलींबरोबर एका खोलीत राहू लागली. पहाटे पाचला मैदानावर, सात वाजेपर्यंत पळणं आणि गोळाफेक, तिथूनच थेट वर्गात. अंगावरची नायलॉनची घट्ट ट्रॅकपँट घामानं चिंब झालेली, ती अंगावरच वाळायची. कपडे धुतले तरी गच्चीवर वाळत घालायची सोय नव्हती, समोरच मुलांची खोली होती. आतले कपडे सहाही जणी खोलीतच एका दोरीवर, एकमेकींच्या कपड्यांवर टाकायच्या. सकाळी ते दमटच असायचे. तेच घालून त्या पळायला जायच्या.

सहा महिन्यांत तिच्या मांडीच्या आतल्या बाजूला चट्टा उठला. तिनं आईला फोनवर सांगितलं. मैनाबाईनं देवीदासला सांगताना जागा सांगितली नाही, पोरीले खाजेचं झालं, एवढंच म्हणाली. देवीदासला तेवढ्यावरून समजलं. दुसऱ्या दिवशी आमच्याच ओळीतला एकजण अमरावतीला जाणार होता, त्याच्याजवळ ट्यूब दिली. त्या वेळी त्याला जरा बरंच वाटलं होतं, असं तो पुढे मला म्हणाला. मुलगी लांब आहे, तिला काही झालं आणि त्याचं औषध आपल्या हाताखालच्या खणात आहे, याचं बरं वाटलं होतं.

ट्यूब लावली की खाज थांबायची, सोडली की चार दिवसांत दुपटीनं यायची. मग ती सोडणंच बंद झालं. अडीच वर्षं त्यानं ट्यूबा पाठवल्या. महिन्याला एक, उन्हाळ्यात दोन. चट्टा मांडीवरून जांघेत, तिथून पोटावर आणि पाठीमागे गेला. पहिल्या भरतीत ती मैदानात चांगली पळाली आणि लेखी परीक्षेत थोडक्यात राहिली. कोणी हताश झालं नाही. पुढच्या वेळी तिनं अकोला जिल्ह्याचा फॉर्म भरला.

अकोल्याच्या मैदानी चाचणीला देवीदास आणि मैनाबाई दोघंही गेले. आईबापांना आत जाऊ देत नव्हते. ते कंपाउंडच्या बाहेर एका निंबाच्या झाडाखाली बाकीच्या आईबापांबरोबर उभे राहिले. आठशे मीटर पळायचं होतं. प्रणाली सरावात ते अंतर हसत पळायची. आत काय झालं ते तिनं नंतर तुटक तुटक सांगितलं. पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्या फेऱ्यात मांडीवर काहीतरी फाटल्यासारखं झालं. घाम त्यात उतरला आणि आग पेटली. ती थांबली नाही, पाय फाकवून पळत राहिली. तिच्या मागच्या सगळ्या मुली पुढे निघून गेल्या. ती पोहोचली तेव्हा वेळ केव्हाच संपली होती.

बाहेर आली तेव्हा ती सरळ चालत नव्हती. काळ्या पँटवर काही दिसत नव्हतं, पण मैनाबाईनं हात लावला तो ओला लागला. परतीच्या बसमध्ये जागा असूनही प्रणाली परतवाड्यापर्यंत उभी राहिली.

घरी आल्यावर मैनाबाईनं तिला आतल्या खोलीत नेलं. बऱ्याच वेळानं ती एकटीच बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. देवीदासनं काय झालं विचारलं.

"तिची कातडी राह्यली नाई हो," ती म्हणाली. "कापूस भरलेली गादी उसवते ना, तशी उसवली."

मांड्यांच्या आतून, जांघेतून, पोटाच्या खालच्या बाजूनं जांभळट लाल खोल पट्टे गेले होते. बोटभर रुंद, एकाशेजारी एक. दोन जागी ते फाटून उघडे पडले होते. बाळंतपणानंतर पोटावर रेषा येतात तशाच या, पण कितीतरी जाड आणि खोल. बापाला ते पाहता येत नव्हतं. आईनं सांगितलं तेवढंच त्यानं ऐकलं.

दोन दिवसांनी तिला घेऊन दोघं अमरावतीला कातडीच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरबाई चाळिशीतल्या होत्या. त्यांनी मैनाबाईला आत ठेवून मुलीला तपासलं. चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्यानं कोंडा खरवडला, काचपट्टीवर घेतला, त्यावर औषधाचे थेंब टाकले आणि थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग देवीदासला आत बोलावून त्यालाही पाहायला लावलं. त्याला बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले. ही बुरशी, बाई म्हणाल्या. शिळ्या भाकरीवर येते त्याच जातकुळीतली, फक्त ही कातडीचा वरचा थर खाऊन जगते. घाम आणि ओल मिळाली की पसरते. रक्त बिघडल्यानं किंवा कोणाच्या पापानं ती येत नाही. एकाच्या अंगावरून टॉवेलनं, चादरीनं, कपड्यांनी दुसऱ्याच्या अंगावर जाते.

मग त्यांनी विचारलं, काय लावत होता? प्रणालीनं पिशवीतून अर्धी दाबलेली ट्यूब काढून दिली. बाईंनी ती उलटी करून वाचली आणि टेबलावर ठेवली.

"हे कोणी दिलं?"

प्रणाली खाली पाहत होती. देवीदास म्हणाला, "म्या."

"तुम्ही कोण?"

"बाप."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं देवीदास मला म्हणाला. त्यांनी शांतपणे सांगितलं, की खाज आणि लाली म्हणजे शरीर बुरशीशी लढत असल्याची खूण असते. स्टेरॉइड ती लढाई बंद करतं, म्हणून तीन दिवसांत बरं वाटतं. बुरशी तिथंच राहते, आणि आता तिला अडवणारं कोणी नसतं. इकडे कातडी रोज पातळ होत जाते. जांघेसारख्या नाजूक, झाकलेल्या जागी हे औषध दुप्पट मुरतं. बुरशी मी घालवीन, त्या म्हणाल्या. वेळ लागेल, कारण हल्लीची बुरशी जुन्या औषधांना लवकर दबत नाही. पण हे पट्टे जाणार नाहीत. पांढरे पडतील, राहतील. आणि तिथली कातडी कागदासारखी राहील. पळताना घासली तर परत फाटेल.

प्रणालीनं तेव्हा एकच विचारलं, पुढची भरती कधी निघेल सांगता येत नाही, पण वर्षभरात निघाली तर? बाईंनी मान हलवली. वर्षभर तरी नाही. त्यानंतरचंही मी सांगू शकत नाही.

घरी आल्यावर देवीदास दुकानात गेला. खणातून एक नवीन खोकं काढलं. त्याच्या आत घडी घातलेला एक पातळ कागद असतो, मुंगीएवढ्या अक्षरांचा. सव्वीस वर्षांत असे हजारो कागद त्यानं कचऱ्यात टाकले होते, काहींत तर गोळ्या बांधून दिल्या होत्या. तो कागद त्यानं सूर्यभानजींच्या टेबलावरच्या भिंगाखाली धरून पहिल्या ओळीपासून वाचला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावू नये. जांघेत, काखेत, चेहऱ्यावर लावू नये. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय वापरू नये. कातडी पातळ होणं, पट्टे पडणं, सगळं लिहिलेलं होतं. तो मला हे सांगायला आला तेव्हा कागद त्याच्या शर्टच्या खिशात होता. त्यानं तो माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला तरी मला ते वाचता आलं नाही.

उपचार सुरू झाले. रोज जेवणानंतर एक गोळी, दिवसातून दोनदा साधं बुरशीचं मलम, तेही चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लांबपर्यंत. चट्टा दिसेनासा झाला तरी मलम सोडायचं नाही, डॉक्टर म्हणतील तोवर लावायचं. अंग कोरडं केल्याशिवाय कपडे घालायचे नाहीत. सैल, सुती कपडे. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, साबण वेगळा. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवायचे आणि शिवणीवरून इस्त्री फिरवायची. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी, कारण एकाला सोडलं तर ते फिरून परत येतं.

तपासणीत मैनाबाईच्या कमरेला चट्टे निघाले. तीन वर्षांपासून होते. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं आणलेल्या ट्यूबांतलीच एक ती अधूनमधून लावत होती. देवीदासच्या पायाच्या बोटांतही होतं. तिघांच्या गोळ्या सुरू झाल्या.

ट्यूब सोडल्यावर पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. दबलेलं सगळं वर आलं. प्रणालीच्या अंगाची आग आग व्हायची. ती दिवसभर पंख्याखाली पालथी पडून राहायची, बोटांना कापड गुंडाळून, नखं लागू नयेत म्हणून. एका दुपारी तिनं बापाजवळ ट्यूब मागितली.

"एक डाव लावू द्या, बाबा. फक्त आजच्या दिवस."

तो नाही म्हणाला. ती त्याच्या पाया पडली. तो घराबाहेर निघून गेला आणि नळाच्या टाकीपाशी जाऊन बसला. त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. मी त्या दिवसांत त्याच्या अंगणात तीन दोऱ्या बांधलेल्या पाहायचो, एकेकाच्या कपड्यांची वेगळी. सकाळी कामावर जायच्या आधी तो स्वतः कपडे उकळायचा आणि संध्याकाळी आल्यावर इस्त्री करायचा. मैनाबाईला हात लावू द्यायचा नाही.

साडेतीन महिन्यांनी चट्टे गेले. कोंडा तपासला, धागे दिसले नाहीत. मैनाबाईनं बुद्धविहारात जाऊन मेणबत्ती लावली. पट्टे मात्र गेले नाहीत, फक्त जांभळ्याचे पांढरे झाले. ज्या जागा फाटल्या होत्या तिथं नवी कातडी धरली, पण इतकी पातळ की आतली निळी शीर दिसायची. प्रणाली एकदा सकाळी उठून आमच्या ओळीच्या टोकापर्यंत पळून आली. परत येताना चालत आली. त्यानंतर तिनं तिचे पळायचे बूट मामाच्या मुलीला, वर्षालीला, देऊन टाकले.

या दिवसांतच देवीदासनं दुकानात ट्यूब देणं बंद केलं. सूर्यभानजी तेव्हा थकले होते आणि दुकान त्यांचा मुलगा अंकुर पाहायचा. अंकुर फार्मसी शिकलेला, समजदार मुलगा. देवीदासनं त्याला कागद दाखवला, पोरीची गोष्ट सांगितली. अंकुरनं सगळं ऐकून घेतलं. त्याला त्यातलं सगळं माहीतच होतं. तो म्हणाला, काका, आपण नाही दिली तर लोक समोरून घेतील, मग कोणाचं भलं झालं? देवीदास म्हणाला, आपल्या हातानं तरी नको.

लोक यायचे, ट्यूब मागायचे. देवीदास सांगायचा, चिठ्ठी आणा, आधी डॉक्टरला दाखवा, यात स्टेरॉइड आहे. काहीजण हसायचे. काहींना वाटायचं माल संपला असेल. बायकांचं सगळ्यात अवघड होतं. ज्या बाईला तो वर्षानुवर्षं काही न विचारता पुडी द्यायचा, तिला आता तो चारचौघांत डॉक्टरकडे जा म्हणत होता. ती मान खाली घालून निघून जायची. दोन महिन्यांत समोरच्या दुकानात गर्दी दिसायला लागली.

मग त्याच्या मनानं वेगळंच घेतलं. ज्यांना आपण वर्षानुवर्षं ट्यूबा दिल्या त्यांच्या घरी जाऊन सांगायचं. सुट्टीच्या दिवशी तो सायकल काढायचा आणि आसपासच्या गावांत जायचा. त्यानं वहीच्या पानांवर स्वतःच्या अक्षरात सगळं लिहून काढलं होतं. मोठं, ठसठशीत अक्षर, मुद्दाम मोठं. दोनदा मीही त्याच्यासोबत गेलो. बहुतेक ठिकाणी पाणी मिळालं, चहा मिळाला. पान घेऊन कुणी देवाच्या फोटोमागे खोचलं, कुणी चुलीपाशी ठेवलं. गोळ्या तीन-तीन महिने, घरातल्या सगळ्यांनी, हे ऐकलं की लोक एकमेकांकडे पाहायचे.

खुशालरावांच्या घरी मी होतो. त्यांची पंधरा एकर काळी जमीन, मोठं कुटुंब, एकत्र. घरातल्या सात माणसांना खाजेचं होतं आणि सगळ्यांची ट्यूब एकच, मोरीच्या खिडकीत ठेवलेली. ती देवीदासनंच दिलेली होती. देवीदासनं सगळं समजावून सांगितलं. खुशालराव शांतपणे ऐकत होते. त्यांनी बंडी वर करून पाठ दाखवली. पाठभर पसरलेलं होतं. मग त्यांनी बंडी खाली केली आणि विचारलं,

"हे तुले माईत होतं तं इतके दिवस काहून देल्ली आमाले?"

देवीदास म्हणाला, माहीत नव्हतं.

"अन् पोरीले झालं तवा माईत झालं."

यात आवाज चढवणं नव्हतं, शिवी नव्हती. त्यांनी चहा आणायला सांगितला. देवीदासनं तो घेतला नाही. परत येताना आम्ही सायकली हातात धरूनच आलो, चार किलोमीटर. त्यानंतर तो कोणाच्या घरी गेला नाही.

पुढच्या महिन्यात अंकुरनं काउंटरवर दुसरा माणूस ठेवला आणि देवीदासला मागच्या गोदामात घातलं. काढून टाकलं नाही, तेवढा मान राखला. खोकी उतरवून घेणं, मोजणं, मांडणीत लावणं, समोरून हाक आली की माल नेऊन देणं, एवढं काम. त्या ट्यूबांची खोकी तोच उतरवतो आणि तोच पुढे नेऊन देतो. भिंतीपलीकडून त्याला ऐकू येतं, कोणी हळू आवाजात मागतं, कागद कुरकुरतो, आणि नवीन माणूस सांगतो, सकाळ-संध्याकाळ लावा. नोकरी सोडून द्यावी असं त्याला वाटलं होतं. पण बावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कुठे उभं करतील, असं तो मला म्हणाला.

प्रणालीनं त्याच वर्षी दिवाळीनंतर नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात काम धरलं. आईनं नको म्हटलं. ती म्हणाली, घरात बसून मी पट्टे पाहत राहू का? कारखान्याजवळच आठ मुलींच्या खोलीत राहायला गेली. आत यंत्रांची उष्णता, धागा तुटू नये म्हणून हवेत सतत फवारलेला ओलावा, अंगावर पॉलिस्टरचा गणवेश आणि आठ तास उभं राहणं. देवीदासनं तिला जाताना सहा सुती कपडे, स्वतःची इस्त्री आणि ते हातानं लिहिलेलं पान बांधून दिलं.

यंदा उन्हाळ्यात मैनाबाईला फोनवर काहीतरी जाणवलं. तिनं देवीदासला सांगितलं. तो दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून नांदगाव पेठला गेला. दुपारी पाळी सुटते तेव्हा फाटकाबाहेर उभा राहिला. प्रणाली बाहेर आली, बापाला पाहून थांबली आणि मग त्याला समोरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेली. बोलता बोलता तिनं कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला तेव्हा मनगटाच्या आतल्या बाजूला त्याला गोल, लाल कडेचा चट्टा दिसला. तिनं हात खाली घेतला नाही. लपवायचं तिनं सोडून दिलं होतं.

खोलीतल्या आठींपैकी सहा जणींना आहे, ती म्हणाली. कपडे वाळवायला जागा नाही, बाहेर टाकले तर धुळीनं काळे होतात. इस्त्री सुरू केली की घरमालक विजेवरून बोलतो. फाटकासमोरच्या मेडिकलमधून ती ट्यूब आणते. तीच. देवीदास म्हणाला, आपण डॉक्टरबाईंकडे जाऊ, गोळ्या परत सुरू करू, तुला तर सगळं ठाऊक आहे.

"ठाऊक हाय, बाबा," ती म्हणाली. "ट्यूब सोडली का पंधरा दिवस आग होते. तितके दिवस मले कोन सुट्टी देते? मशीनपाशी खाजवत बसलं तं धागा तुटते. दोनदा तुटला का तिसऱ्या डावाले घरी पाठवतेत."

तो म्हणाला, मग घरी चल. ती म्हणाली, घरी येऊन काय करू?

देवीदासनं चहाचे पैसे दिले. थोड्या वेळानं तिनंच त्याला विचारलं, की इथली ट्यूब नकली वाटते, पहिल्यासारखा आराम पडत नाही, तुमच्या दुकानातली दोन-तीन पाठवता येतील का. हे तिनं टोचायला विचारलं नव्हतं, असं तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. साबण मागावा तसं तिनं विचारलं. तो नाही म्हणाला. ती रागावली नाही. बरं म्हणाली, मोबाइलमध्ये वेळ पाहिली आणि खोलीवर पाणी येण्याची वेळ झाली म्हणून उठली. रस्ता ओलांडेपर्यंत तो तिच्याकडे पाहत होता. ती पाय किंचित फाकवून चालत होती.

तो परत आला त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि हे सगळं त्यानं सांगितलं. मी त्याला म्हटलं, डॉक्टरबाईंना फोन करून विचार, काम चालू ठेवून काही होईल का. त्यानं विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, घेऊन या, पाहू. पण एकटीचा उपचार करून उपयोग नाही, त्या खोलीतल्या सगळ्याच मुलींना आणा.

त्या मुली कोणी धारणीच्या, कोणी तिवसा-वरुडच्या, कोणी यवतमाळकडच्या. त्यांना कोण आणणार आणि कोणत्या सुट्टीत? देवीदास दोनदा खोलीवर जाऊन आला. एकदा मुली कामावर होत्या. दुसऱ्यांदा त्यांनी दार अर्धंच उघडलं. मुलीचा बाप असला तरी परका पुरुष, आणि विषय हा. त्यानं दारातच पानं दिली. प्रणाली आतून बाहेर आली नाही.

हल्ली ती रविवारी आईला फोन करते. बापाची तब्येत विचारते. देवीदास तेव्हा अंगणात कपडे उलटे करून दोरीवर टाकत असतो. घरात आता कोणालाच चट्टा नाही, तरी तो दोघांचे कपडे अजून वेगवेगळ्या दोऱ्यांवरच टाकतो. तिसरी दोरी त्यानं सोडलेली नाही. आणि सोमवारी सकाळी साडेनऊला तो सायकल काढतो, गोदामाचं कुलूप उघडतो आणि आलेला माल उतरवून घेतो.